ध्वनिमुद्रिकेची बाजू उलटताना

गेल्या काही वर्षांत ध्वनिमुद्रिकांना, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या ‘रेकॉर्डीं’ना, पुन्हा चांगले दिवस आले आहेत. अमेरिकेत २०२० साली त्यांच्या विक्रीचे उत्पन्न सीडीच्या उत्पन्नापुढे गेले. १९८६ नंतर असे प्रथमच घडले. आपल्याकडेही नव्या सदनिकेच्या दिवाणखान्यात एखादा रेकॉर्ड प्लेअर दिसू लागला आहे, आणि ‘त्या आवाजातली ऊब काही औरच’ हे वाक्य यजमानांच्या तोंडून हमखास ऐकू येते. ऊब होती हे मला मान्य आहे. ती आवाजात होती, हे मात्र मान्य नाही.

ज्यांच्या घरी ती यंत्रे खरोखर होती त्यांनी जरा आठवून पाहावे. खरखर तर होतीच. ओरखडा पडलेल्या जागी सुई अडकली की गायक तेच दोन शब्द पुनःपुन्हा म्हणत राही, आणि मग कोणीतरी उठून दांडीवर एक नाणे ठेवी. सेल उतरू लागले की तबकडी मंदावे आणि उत्तम गळ्याची गायिकासुद्धा हळूहळू खालच्या पट्टीत घसरू लागे. ते सेल उन्हात ठेवून आणखी एक दिवस चालवण्याची विद्या त्या काळी इंदूरच्या घराघरांत अवगत होती. ध्वनीची गुणवत्ता हाच निकष लावायचा, तर आजचा साधा मोबाईलसुद्धा आमच्या त्या पेटीपेक्षा सरस ठरेल.

आजोबांच्या पिढीजवळ चावीचा ग्रामोफोन होता. भारतात व्यापारी ध्वनिमुद्रणास १९०२ साली कोलकात्यात आरंभ झाला. त्यानंतर जवळजवळ अर्धे शतक लाखेच्या तबकडीचे राज्य होते. मिनिटाला ७८ फेरे, एका बाजूस सुमारे तीन मिनिटे, आणि पोलादी सुई वरचेवर बदलायची. तासभर मांडायचा ख्याल मोठमोठ्या गवयांना त्या तीन मिनिटांत बसवावा लागला. १९४८ साली विनाइलची लाँग प्ले आली आणि एका बाजूस वीस-बावीस मिनिटे मिळू लागली. आमच्या रामबागेतल्या घरी एचएमव्हीचा फिएस्टा आला तो १९७७ साली. वडील शाळामास्तर. नवी ध्वनिमुद्रिका वर्षातून दोनदा, गणपतीत आणि दिवाळीत. उस्ताद अमीर खाँ यांची मारवा आणि दरबारीची तबकडी लावताना ‘हा आपल्या गावचा माणूस’ असे ते प्रत्येक वेळी सांगत. खाँसाहेब १९७४ सालीच अपघातात गेले होते, तरी वडिलांच्या तोंडी त्यांच्याविषयी वर्तमानकाळच असे.

या यंत्राची खरी देणगी त्याच्या उणिवेत होती, असे मला आज बालरोगतज्ज्ञ म्हणून वाटते. वीस मिनिटांनी बाजू संपत असे. सुई आतल्या कड्यात फिरत राही, कोणीतरी उठे, तबकडी उलटे, मखमलीच्या फडक्याने पुसे. त्या दोन-तीन मिनिटांत घर बोलत असे. आजी एखाद्या शब्दाचा अर्थ सांगे. काका म्हणत, हे पद बालगंधर्वांनी असे घेतले नसते. पु. ल. देशपांड्यांच्या कथाकथनाची तबकडी असली की सगळी मोठी माणसे का हसली हे आम्हां मुलांना विचारावे लागे, आणि उत्तर देताना ती पुन्हा हसत. १९५५ साली पुणे आकाशवाणीने वर्षभर प्रसारित केलेल्या ‘गीतरामायणा’तली छप्पन्न गीते आम्ही अशीच, अडखळत, प्रश्न विचारत ऐकली. हिंदीच्या वळणाने चाललेल्या आमच्या इंदुरी मराठीत जे थोडे साहित्यिक शब्द आले, ते त्या मधल्या वेळेत आले.

(त्या काळाचे फार गोडवे गाऊ नयेत, हेही येथेच नमूद करते. यंत्राला हात लावण्याचा अधिकार वडिलांचा. आईने बहुतेक संगीत भिंतीपलीकडून, फोडणीच्या आवाजातून ऐकले.)

आता दवाखान्यातला अनुभव. अठरा महिन्यांचे मूल येते, शब्द तीन-चारच. आईवडील दोघेही सुशिक्षित, घरात हिंदी आणि इंग्रजीचे मिश्रण, आजीआजोबा पुण्याला किंवा वरच्या मजल्यावर. मी मराठीविषयी विचारते तेव्हा उत्तर तयार असते: “मॅडम, जेवताना आम्ही त्याला मराठी बालगीतेच लावून देतो.” यामागची तळमळ खरी आहे. तीन-चार पिढ्या मातृभूमीपासून दूर राहिलेल्या समाजाला आपली भाषा नातवंडांपर्यंत पोहोचेल की नाही ही चिंता असणारच. परंतु उपाय चुकीचा आहे, आणि हे केवळ माझे मत नव्हे.

२००३ साली सिएटलच्या पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही बाळांशी मँडरिन भाषक व्यक्ती समोर बसून बारा बैठकींत खेळल्या, त्यांना पुस्तके वाचून दाखवली. या बाळांना त्या भाषेतला सूक्ष्म उच्चारभेद ओळखता येऊ लागला. इतर बाळांना तीच माणसे, तेच शब्द दृक्-श्राव्य किंवा केवळ श्राव्य मुद्रणातून मिळाले. ती काहीही शिकली नाहीत. प्रयोग अर्भकांच्या उच्चारभेदापुरता आहे. त्यावरून मोठ्या मुलांविषयी सरसकट निष्कर्ष काढू नयेत. पण फिएस्टाचे कोडे मला त्यातून उलगडले. आम्हांला मराठी त्या पेटीने शिकवली नव्हती. पेटीभोवती बसलेल्या माणसांनी शिकवली होती.

१९७९ साली जपानमध्ये वॉकमन बाजारात आला आणि ऐकणे ही खोलीतली गोष्ट न राहता एकाच्या कानातली गोष्ट झाली. कॅसेटबद्दल माझा राग नाही. १९८३ साली आमच्या घरी टू-इन-वन आला; त्याचे हेड स्पिरिटच्या बोळ्याने पुसण्याचे काम माझ्याकडे होते, आणि पुढचे वळण बहुधा तेव्हाच ठरले असावे. मात्र आज चौथीतला मुलगा कानात बोंडे घालून जेवायला बसतो, तेव्हा तो काय ऐकतो हे घरातल्या कोणालाच ठाऊक नसते. कानाच्या आरोग्याचा प्रश्न आहेच: जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकानुसार मुलांसाठी ७५ डेसिबल ही पातळी आठवड्याला चाळीस तासांपर्यंत सुरक्षित मानली जाते, आणि पुढे दर तीन डेसिबलला हा अवधी निम्मा होतो. हे आपण पालकांना सांगतो. त्याच्या शेजारच्या गप्प बसलेल्या आजीविषयी आपण काही सांगत नाही.

भारतीय बालरोग अकादमीच्या २०२१ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार दोन वर्षांखालील मुलांना, अधूनमधून आप्तांशी होणारा व्हिडिओ संवाद सोडल्यास, पडदा नकोच. ही सूचना मी रोज देते आणि रोज पाहते की नुसती बंदी टिकत नाही. मोबाईल काढून घेतल्यावर त्या जागी काय ठेवायचे हे सांगावे लागते. म्हणून अलीकडे मी एक सूचना जोडते. मोबाईल राहू द्या, पण पालथा ठेवा आणि एका लहान स्पीकरला जोडा. स्पीकर दिवाणखान्यात, कानात काही नाही. एका वेळी दोनच गाणी. दोन गाण्यांच्या मध्ये ते बंद करा आणि ऐकलेल्याविषयी मुलाशी मराठीत बोला. आजोबांना विचारा, त्यांना या गाण्याचे काय आठवते. व्याकरण तपासू नका.

“एवढा वेळ कोणाला आहे?” असे आपल्यापैकीच अनेकजण म्हणतील, रात्री साडेनऊला ओपीडी संपवून घरी जाणाऱ्या माणसाने म्हणावेही. पण मी लाँग प्लेची एकच बाजू मागते आहे, म्हणजे वीस मिनिटे, तीही रविवारची.

आणखी एक काम तातडीचे आहे. आपल्यापैकी कित्येकांच्या माळ्यावर ऐंशीच्या दशकातल्या कॅसेटी पडून आहेत: घरगुती मैफली, मुंजीतली मंगलाष्टके, परदेशी गेलेल्या मुलाला आजोबांनी बोलून पाठवलेली पत्रे. फितीवरचा चुंबकीय थर वर्षागणिक झडत असतो. येत्या वार्षिक संमेलनाच्या वेळी आपल्या संस्थेने चालू स्थितीतला एक कॅसेट डेक आणि संगणक जाणणारा एक तरुण सभागृहाच्या बाजूच्या खोलीत बसवावा, ज्यांच्याजवळ फिती आहेत त्यांनी त्या आणाव्यात, आणि त्यांचे अंकीय रूपांतर तेथेच करून द्यावे. खर्चाचा अर्धा वाटा मी उचलते. फीत आणताना नातवंडालाही बरोबर आणावे. पणजोबांचा आवाज पहिल्यांदा ऐकताना कोणीतरी ‘हे कोण?’ असे विचारायला हवे.