कारखान्याचा उजेड पुसू नका

बंद पडलेल्या कारखान्यांची छायाचित्रे घेण्याची आवड हल्ली आपल्याकडेही रुजू लागली आहे. आवडीशी आमचे भांडण नाही. भांडण आहे ते तिच्या रीतीशी. ओसाड शेडमध्ये प्रखर दिवे न्यावयाचे, भिंतींवर लाल-निळे झोत सोडावयाचे, गंजलेल्या यंत्राला भुताचे रूप द्यावयाचे आणि वर त्यास कला म्हणावयाचे, हे आम्हांस मान्य नाही. जेथे माणसे राबली, त्या वास्तूचे छायाचित्र तिच्याच उजेडात घेतले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कापडगिरणीचे छप्परच पाहा. करवतीच्या दात्यांसारखी त्याची रचना. प्रत्येक दात्याची उभी बाजू काचेची आणि शक्यतो उत्तराभिमुख. हेतू हा की, थेट ऊन टळावे, मागांवर दिवसभर सारखा, सौम्य उजेड पडावा आणि तुटलेला धागा विणकऱ्याच्या नजरेस यावा. म्हणजे तेथील उजेड हा योगायोग नव्हे, तो बांधकामाचाच भाग आहे. फ्लॅशचा उजेड मात्र अंतर दुप्पट होताच चौथाईवर येतो. त्यामुळे जवळचे चाक पांढरेफटक दिसते आणि मागची सारी शेड काळोखात बुडते. ज्यांनी ती शेड कधी पाहिली नाही, त्यांना तो काळोखच खरा वाटतो.

आपल्या समाजाला हे निराळे सांगावे लागू नये. कोल्हापुरास महालक्ष्मीच्या मंदिरात नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीस किरणोत्सव होतो. मावळतीचे किरण महाद्वारातून येऊन देवीच्या चरणांपासून मुखापर्यंत चढावेत, म्हणून भाविक श्वास रोखून उभे असतात. त्या घटकेस कोणी विजेचा झोत मूर्तीवर सोडला, तर आपण त्यास काय म्हणू? गिरणी म्हणजे देऊळ नव्हे, हे आम्ही जाणतो. परंतु उजेडाचा हिशेब मांडून उभारलेल्या वास्तूचा तो हिशेब मोडू नये, हा न्याय दोहोंस सारखाच लागू आहे.

यावर कोणी म्हणेल, अंधुक चित्रे पाहणार कोण? हा आक्षेप आळसाचा आहे. यंत्र पळून जात नाही. कॅमेरा तिवईवर ठेवावा, भिंगाचे छिद्र लहान करावे आणि दहा-वीस सेकंद उजेड आत येऊ द्यावा. कोपऱ्यातील पट्टासुद्धा उमटतो. खिडकी फारच झगझगत असेल, तर ढगाळ दिवसाची वाट पाहावी. बर्न्ड आणि हिला बेखर या जर्मन दांपत्याने १९५९पासून पाण्याच्या टाक्या, खाणींचे मनोरे, भट्ट्या यांची छायाचित्रे अशाच मळभ आलेल्या आभाळाखाली घेतली. त्यांत नाटकीपणा नाही, म्हणूनच ती पुरावा म्हणून टिकली.

पुराव्याचा प्रश्न दूरचाही नाही. वांकिडीहून आसिफाबादमार्गे कागजनगरास जाऊन पाहावे. तेथील सिरपूर कागद गिरणी २०१४ साली बंद पडली आणि २०१८ साली पुन्हा सुरू झाली. मधल्या चार वर्षांत तिला कोणी दिव्यांच्या खेळाने स्मशान करून दाखविले असते, तर ते चित्र खोटेच ठरले असते. त्याच गावचा सरसिल्क हा कृत्रिम रेशमाचा कारखाना मात्र १९८०च्या दशकात बंद पडला, तो पुन्हा उघडलाच नाही. दाराला कुलूप लागलेले असताना या दोहोंपैकी कोणते भवितव्य पुढे आहे, हे छायाचित्रकारास ठाऊक नसते. मग निकाल देण्याचा अधिकार त्यास कोणी दिला?

मुंबईत तर वेळच उरली नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. पुढे गिरण्या एकामागून एक थंडावल्या आणि कित्येकींच्या जागी आज उंच इमारती उभ्या आहेत. त्या शेडमध्ये उजेड कसा पडत असे, हे नातवंडांना दाखविण्यास छायाचित्रावाचून दुसरे साधन नाही.

म्हणून आमचे सांगणे एवढेच: परवानगी घेऊन आत जा, दिवे बाहेर ठेवा, उजेडाची वाट पाहा. चित्राखाली कारखान्याचे नाव, तो बंद पडल्याचे साल, खिडकीची दिशा आणि घटका लिहा. ज्या उजेडात आपल्या माणसांनी पाळ्या भरल्या, तोच उजेड पुढल्या पिढीच्या हाती द्या.