जांभ्याची झीज भरून येत नाही

लातूर जिल्ह्यातील शिरूर अनंतपाळ, निलंगा, औसा या टापूला लाभलेला प्राचीन शिल्पवारसा खरोशाच्या डोंगरात आहे. सहाव्या शतकाच्या सुमारास खोदलेल्या या लेण्यांत बुद्ध आहे, नरसिंह आहे, शिव-पार्वती, कार्तिकेय आणि रावणही आहे. भिन्न श्रद्धांना एकत्र आसरा देणारा तो डोंगरच आज कणाकणाने झडत आहे.

अजिंठा-वेरूळचा कातळ बेसाल्टचा, खरोशाचा जांभ्याचा. लोहयुक्त, सच्छिद्र, छिन्नीला सहज वश होणारा. कारागिराला सोयीचा ठरलेला हा गुणच आता लेण्यांच्या मुळावर आला आहे. माथ्यावरचे पाणी छिद्रांतून झिरपते, छताला ओल धरते. ती सुकताना पृष्ठभाग भुसभुशीत होऊन खपल्या गळतात. भेगांत रुजलेली झुडपे फटी रुंदावतात. काही मूर्ती आता चेहऱ्यावरून नव्हे, उभे राहण्याच्या ढबीवरून ओळखाव्या लागतात.

हे असेच चालू राहिले तर क्रम ठरलेला आहे. आधी नाक-डोळे जातील, मग हातांतली आयुधे, मग मूर्तीची ओळख. झिजलेल्या स्तंभांना छताचा भार पेलवेनासा होईल. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने उद्ध्वस्त झालेले किल्लारी खरोशाच्याच औसा तालुक्यात आहे, याचा विसर पडणे परवडणारे नाही. छत ढासळले की प्रश्न केवळ वारशाचा राहणार नाही. खाली सहलीला आलेली शाळकरी मुले असतील.

वारसा वाचवायला कधी दारही लावावे लागते. फ्रान्समधील लास्को ही चुनखडीतील चित्रगुहा १९४८ मध्ये लोकांसाठी खुली झाली. गर्दीच्या श्वासानेच चित्रे बिघडू लागल्यावर १९६३ मध्ये ती बंद करावी लागली. आपल्याकडे मात्र विकास म्हणजे कमान, फरसबंदी आणि मान्यवरांच्या नावांची कोनशिला! त्यातली अक्षरे तेवढी ठळक राहतात. भेगेत सिमेंट थापणे हे तर दुरुस्तीच्या नावाखाली ओल आत कोंडणे होय.

१९५८ च्या केंद्रीय कायद्यात संरक्षित स्मारकाची नासधूस करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा लाखापर्यंत दंड अथवा दोन्हींची तरतूद आहे. पावसावर मात्र खटला भरता येत नाही. त्यासाठी पाण्याची वाटच वळवावी लागते. पुरातत्त्वज्ञ जेम्स बर्जेसने १८७८ च्या अहवालात ही लेणी नोंदवली होती. ती नोंद पायाभूत मानून प्रत्येक लेण्याचे त्रिमितीय मोजमाप व्हावे, माथ्यावर निचऱ्याचे चर काढावेत, धोकादायक दालने तत्काळ बंद करून उरलेल्यांत मोजकाच प्रवेश द्यावा, आणि राखणीला गावातलीच प्रशिक्षित माणसे पगारावर नेमावीत.

पुरातत्त्व खाते, जिल्हा प्रशासन आणि लोकप्रतिनिधी यांनी एकमेकांकडे बोट दाखवण्यात आणखी एक मृग दवडला, तर पुढच्या झिजेचे खापर निसर्गावर फोडण्याचा अधिकार त्यांना उरणार नाही.