चार नंबर काय?

राज्यातल्या मराठी आणि उर्दू शाळांत २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी आहे. तरी घरी आम्ही अजून ‘स्पून म्हणजे चमचा’ असेच घोकून घेतो. अर्थ पाठ होतो, पण हातात चमचा असताना शब्द ओठांवर येत नाही. मग ‘आम्हालाच इंग्रजी येत नाही, मुलांना काय शिकवणार?’ म्हणून आम्ही गप्प बसतो.

कोमेनियस या शिक्षकाने १६५८ साली मुलांना लॅटिन शिकवण्यासाठी चित्रांचे पुस्तक काढले. चित्रातल्या वस्तूंना आकडे होते आणि तेच आकडे मजकुरातल्या शब्दांना. हे आपल्यालाही जमेल. मुलाला स्वयंपाकघराचे चित्र काढू द्या. वर्गात शिकलेल्या वस्तूंना आकडे घाला. खाली मराठी किंवा उर्दू अर्थ लिहू नका, नजर तिकडेच जाते. अम्मीने फक्त विचारायचे, ‘चार नंबर काय?’ मूल सांगेल आणि पुस्तक उघडून स्वतःच पडताळून पाहील.

उर्दू शाळेतल्या मुलांची नजर उजवीकडून वाचायला सरावलेली असते. त्यांच्यासाठी चित्रगोष्ट मांडताना पहिले चित्र डावीकडे ठेवावे. इंग्रजी ओळीचे वळण लागायला मदत होते.

एक चित्र, आठ शब्द, एक आठवडा. एवढे तर आपण करूच शकतो.