सिस्टरच्या डोक्यावरचा ताण: आजाराचा किती, व्यवस्थेचा किती?

पावसाळा लागला की प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री-अपरात्री सर्पदंशाचे रुग्ण येतात. मागे दोन-तीन मोटारसायकलींवर माणसं. सगळ्यांचा प्रश्न एकच, "सिस्टर, वाचेल ना?" त्या क्षणी याचं उत्तर सिस्टरकडे नसतं, डॉक्टरकडेही नसतं. तरी हात थरथरू न देता काम करावं लागतं. नंतर गावात चर्चा होते ती सिस्टर कशी बोलली याची. तिने तो ताण कशाच्या जोरावर पेलला, हे कोणी विचारत नाही.

ती २० मिनिटं

साप कोणता होता हे बऱ्याचदा कोणी पाहिलेलं नसतं. म्हणून रुग्णाचं थोडं रक्त कोरड्या काचेच्या नळीत घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवतात. गोठलं नाही तर घोणस किंवा फुरशाचं विष अंगात भिनलं असं समजतात. गोठलं तरी काळजी संपत नाही. मण्यार चावली तर फारसं दुखत नाही, खूणही नीट दिसत नाही. पापण्या जड होणं, गिळता न येणं ही लक्षणं काही तासांनी येऊ शकतात. लस चालू केली तर तिचीही रिॲक्शन येऊ शकते, त्यामुळे नजर हटवून चालत नाही.

नातेवाइकांना वाटतं, नुसतं बसवून ठेवलंय. खरं तर सगळ्यात जास्त लक्ष त्याच वेळी द्यावं लागतं.

मन कशावर टिकतं?

लाझारस आणि फोकमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८४ च्या पुस्तकात ताण पेलण्याचे दोन मार्ग मांडले. जे हातात आहे ते करायचं, आणि जे हातात नाही त्याबाबत मन सांभाळायचं. शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. पेरणीनंतर पाऊस लांबला तर तो नुसता आभाळाकडे बघत बसत नाही, हाताला दुसरं काम लावतो.

सिस्टरचंही तसंच. पुढची पायरी कोणती हे पक्कं माहीत असलं की भीती कमी होते. म्हणून प्रशिक्षण लागतं. दुसरी गोष्ट, विचारायला कोणीतरी असणं. डॉक्टर फोनवर मिळाले, शेजारी जुनी सिस्टर असली, तर निर्णयाचं ओझं वाटलं जातं. एकटी असली तर अनुभवी बाईही चाचरते. तिसरी गोष्ट म्हणजे स्वभाव. काहींना अर्धवट माहितीवर काम जमतं, काहींना खात्री झाल्याशिवाय चैन पडत नाही. चौथी गोष्ट, काही बरंवाईट झालं तर पाठीशी कोण उभं राहणार याची भीती. ही भीती मोठी असली की रुग्ण लवकर पुढे पाठवला जातो. मग लोक म्हणतात, "ढकलून दिलं."

असा ताण वर्षानुवर्षे साचला की मन कोरडं पडतं. तुटक बोलणं हे बऱ्याचदा थकव्याचं लक्षण असतं. म्हणून उद्धटपणा माफ होतो असं नाही. तक्रार जरूर करावी, पण ती वैद्यकीय अधिकाऱ्याकडे, खाटेजवळ आरडाओरड करून नाही.

दुसरी अनिश्चितता

राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या अनेक नर्सेस कंत्राटी आहेत. दहा वर्षं सेवा झालेल्यांना सामावून घेण्याचा निर्णय राज्य शासनाने मार्च २०२४ मध्ये काढला. त्याची अंमलबजावणी होत नाही म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये कर्मचाऱ्यांना बेमुदत संपावर जावं लागलं.

इथे खरा फरक आहे. रुग्णाबाबतची अनिश्चितता हा कामाचाच भाग आहे, ती अनुभवाने पेलता येते. पुढची ऑर्डर निघेल का, पगार कधी होईल, ही अनिश्चितता मात्र कागदाने तयार केलेली आहे. तिथे सिस्टरच्या हातात करण्यासारखं काहीच नसतं, म्हणून ती जास्त पोखरते. ध्यान-योगाच्या शिबिरांनी हा प्रश्न सुटणार नाही, तो ऑर्डर निघाल्यावरच सुटेल.

गावाच्या हातात काय?

सर्पदंश झाला की वेळ लक्षात ठेवा. घट्ट दोरी बांधू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका, थेट दवाखाना गाठा. आधी काय उपचार केले ते लपवू नका. रुग्णाजवळ एकच माणूस थांबावा, बाकीचे बाहेर. मोबाईलवर शूटिंग करू नये. आरोग्य कर्मचाऱ्यावर हल्ला केल्यास २०१० च्या राज्य कायद्यानुसार तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो.

मनावरचा ताण वाढला तर टेली-मानसचा १४४१६ हा मोफत नंबर सगळ्यांसाठी आहे, सिस्टरसाठीसुद्धा.

आणि ग्रामसभेत रस्ता-गटाराइतकंच हेही विचारायला हवं: आपल्या केंद्रात लस शिल्लक किती, रात्री सिस्टरसोबत दुसरं कोण असतं, आणि डॉक्टर मुक्कामी असतात का? या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली तर सिस्टरचा निम्मा घोर तिथेच कमी होईल, आणि रुग्णाचाही.