वाकड्या वाटेचे खोटे पुण्य

विमानाचे मैल जमवणाऱ्यांचा एक नवा पंथ आपल्याकडेही रुजला आहे. मुंबईहून दिल्लीस थेट जाता येत असताना या पंथाचा अनुयायी मुद्दाम बेंगळूरूमार्गे जातो. काम दिल्लीत असते. बेंगळूरूत त्याचे कोणी नसते. तो विमानतळाबाहेरही पडत नाही. त्याला हवे असतात ते फक्त वाढीव मैल. यावर कोणी हसले तर उत्तर तयार असते : ही आजची भटकंती आहे, हा कंपन्यांना त्यांच्याच नियमांनी हरवण्याचा खेळ आहे, सरळ रेषेविरुद्धचे हे बंड आहे. साहित्याच्या विद्यार्थ्यांना ‘भटकंती’ आणि ‘बंड’ हे शब्द फार लवकर मोहात पाडतात. म्हणूनच या दाव्याचा समाचार घेणे आवश्यक आहे.

प्रथम हिशेब पाहू. मुंबई-दिल्ली अंतर सुमारे ७०० मैल. बेंगळूरूमार्गे तेच १,५०० मैलांच्या पुढे जाते. अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी उडालेल्या मैलांबद्दल बक्षीस देणारी योजना आणली आणि इतर कंपन्यांनी तिचे अनुकरण केले. रिकाम्या राहणाऱ्या खुर्च्या बक्षीस म्हणून द्यायच्या आणि गिऱ्हाईक बांधून ठेवायचे, हे तिचे साधे सूत्र. पुढे चतुर प्रवाशांच्या ध्यानात आले, की थांबे घेत जाणारे तिकीट पुष्कळदा थेट तिकिटाहून स्वस्त पडते आणि मैल मात्र अधिक देते. येथवर कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. व्यवहारात चार पैसे वाचवणे हे पाप नव्हे.

तक्रार आहे ती या व्यवहारास चढवलेल्या काव्याच्या झुलीबद्दल. ज्या गावातून हा लेख लिहिला जात आहे, त्या कोल्हापुरास वाकड्या वाटेचे कौतुक कोणी सांगू नये. आमची रेल्वे १८९१ साली आली ती मिरजेहून, आणि येथेच संपली. आजही कोल्हापूरहून रेल्वेने कोठेही जायचे तर आधी मिरज गाठावी लागते. पश्चिमेस घाट उतरला की कोकण. पण वैभववाडीपर्यंतचा लोहमार्ग अद्याप कागदावरच आहे. उजळाईवाडीचा विमानतळ राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ साली सुरू झाला. तरी नियमित विमानसेवेचा धागा पुनःपुन्हा तुटत राहिला. २०१८ साली ‘उडान’ योजनेखाली तो पुन्हा जुळला, तेव्हा हैदराबादचे विमान मिळू लागले. दिल्लीस निघालेला कोल्हापूरकर त्या विमानाने गेला, तर तो उत्तरेस जाण्यासाठी आधी पूर्वेस जात होता. त्याला यात बंड दिसले नाही, अडचण दिसली. एकाची अगतिकता हा दुसऱ्याचा छंद व्हावा, आणि छंद करणाऱ्याने त्यास मुक्ती म्हणावे, हे भाषेच्या दृष्टीनेही अशोभनीय आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. लाभाच्या हेतूने केलेला प्रवास हलका, असे म्हणणे हा सोवळेपणा नव्हे काय? आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर मराठीतच आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली घराबाहेर पडले ते दक्षिणेच्या आशेने. घरावर कर्ज होते आणि बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात द्रव्य मिळेल असे कानावर आले होते. म्हणजे हेतू शुद्ध कमाईचा. पण वाटेत बंड पेटले, झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला, मिळवलेले लुटले गेले, आणि अखेर ते परतले ते गंगेची कावड घेऊन. चिंतामण विनायक वैद्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केलेला ‘माझा प्रवास’ उभा राहिला तो त्या आडवाटांवर. तेव्हा लोभाने निघाल्यामुळे प्रवास नासत नाही. वाटेला आपल्यावर काही करू न दिल्याने तो नासतो. मैल जमवणारा नेमकी हीच खबरदारी घेतो. विलंब, अनोळखी माणूस, अनपेक्षित मुक्काम हे सारे त्याच्या गणितातील दोष असतात.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. आपण तरी काय करतो? लक्ष प्रदक्षिणा, कोटी जप, सोळा सोमवार, ही मोजदाद नव्हे काय? आहे, आणि निव्वळ मोजदादीवर संतांनीच सर्वांत आधी कोरडे ओढले आहेत. परंतु एक भेद उरतो. अंबाबाईच्या देवळात प्रदक्षिणा घालणाऱ्याच्या वर्तुळास मध्य असतो. त्याचा आकडा चुकला तरी देवी जागची हलत नाही. मैलांच्या प्रदक्षिणेस मध्यच नाही. तेथे आकडा हाच देव, आणि त्या देवाची किंमत ठरवण्याचा अधिकार दुसऱ्याच्या हाती.

बंडाचा दावा कोसळतो तो येथेच. १९९९ साली डेव्हिड फिलिप्स या अमेरिकन अभियंत्याने बारा हजारांहून अधिक पुडिंगचे डबे विकत घेऊन साडेबारा लाख मैल मिळवले, ही कथा या पंथाचे पुराण आहे. त्याने नियमातील फट शोधली, हे खरे. पण नियम लिहिणारा कोण होता? डेल्टा आणि युनायटेडने २०१५ साली, अमेरिकनने २०१६ साली, आणि आपल्या एअर इंडियाने २०२४ साली अंतराऐवजी खर्च केलेल्या पैशावर गुण देण्यास आरंभ केला. काही कंपन्या अजूनही अंतर मोजतात. पण वाऱ्याची दिशा स्पष्ट आहे. वाकडी वाट एका परिपत्रकाने निरर्थक ठरली. किंगफिशर ऑक्टोबर २०१२ मध्ये जमिनीवर बसली, तेव्हा तिच्या प्रवाशांनी आपले मैल कोणत्या विमानात वापरायचे होते? धनी ज्यास केव्हाही मोडू शकतो, त्या बंडास आपण चाकरी म्हणतो.

आणि ही चाकरी निरुपद्रवीही नाही. जगातील कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात विमानवाहतुकीचा वाटा सुमारे अडीच टक्के आहे. कोल्हापूरकराचा वळसा त्यात मोजला जातो आणि छंदिष्टाचाही. पहिल्यास पर्याय नव्हता. दुसऱ्याने तो नाकारला.

वॉल्टर कर्न यांच्या ‘अप इन द एअर’ या २००१ सालच्या कादंबरीचा नायक दहा लाख मैलांचे लक्ष्य उराशी धरून उडत राहतो. त्या आकड्यामागची पोकळी हा त्या कादंबरीचा विषय आहे. आपल्याकडे मात्र ती पोकळीच आदर्श म्हणून सांगितली जात आहे. या योजनांना इंग्रजीत ‘लॉयल्टी’ म्हणतात. मराठीत त्यासाठी ‘निष्ठा’ हा शब्द वापरून पाहावा, म्हणजे त्याची लाज वाटू लागेल. प्रवासवर्णन शिकवणाऱ्यांनी वर्गात एवढे जरूर विचारावे : गोडसे भटजींनी पाहिलेली झाशी आपण आजही वाचतो; बेंगळूरूमार्गे दिल्लीस गेलेल्याने आपल्याला सांगण्यासारखे काय पाहिले?