भात निम्मा, डाळ दुप्पट: पथ्य रुग्णाचं आणि शेतीचंही

"डॉक्टर, भात बंदच करू का?" मधुमेह निघाला की हा प्रश्न ठरलेला. माझं उत्तरही ठरलेलं: बंद नको, निम्मा करा. त्या जागी वरण, उसळ, भाजी वाढा. आपल्या देशाच्या शेतीलाही साधारण हेच पथ्य लागू पडतं.

भारताने २०७० पर्यंत 'नेट झिरो' गाठायचं ठरवलं आहे. म्हणजे हवेत जितके हरितगृह वायू सोडू, तितके शोषूनही घ्यायचे. आपल्याकडे अशा वायूंपैकी सुमारे १४ टक्के शेती आणि पशुपालनातून येतात. सर्वात मोठा वाटा गाई-म्हशींच्या रवंथातून निघणाऱ्या मिथेनचा. भाताच्या खाचरात पाणी साचून राहिलं की मातीला प्राणवायू मिळत नाही, आणि तिथले जीवाणूही मिथेन तयार करतात. युरियामुळे नायट्रस ऑक्साइड सुटतो. तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापदायक. ज्वारी-बाजरीला मात्र साचलेलं पाणी नको असतं. तूर, हरभरा, मूग यांच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात, म्हणून त्यांना युरिया कमी लागतो.

मग दूधही सोडायचं का? नाही. कुपोषित मूल, गरोदर बाई यांच्या ताटातलं दूध-अंडं मी हवामानाच्या नावाखाली काढू देणार नाही. तिथे उपाय गोठ्यात हवा: चांगला चारा, निरोगी जनावर, कमी जनावरांत तेवढंच दूध.

मला खटकतं ते हे, की सगळा उपदेश शेतकऱ्याला आणि गृहिणीला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ-गव्हाबरोबर भरड धान्याचीही तरतूद आहे. २०२३ हे भरड धान्य वर्ष म्हणून थाटात साजरं झालं. तरी रेशनच्या पिशवीत मुख्यतः गहू-तांदूळच येतात. ज्याची सरकारी खरेदी हमखास होते, तेच शेतकरी पेरतो. जे रेशनवर मिळतं, तेच गरिबाच्या घरात शिजतं. रेशन, अंगणवाडी आणि शाळेच्या जेवणात ज्वारी, नाचणी, डाळ नियमित आली, तर शेत आणि ताट दोन्ही बदलतील. सुरुवात तिथून व्हावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

तोवर तुमच्या ताटात एवढं करा: भात कमी, डाळ-उसळ जास्त, आणि वाढलेलं टाकू नका. फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवा. भाकरीनेही साखर वाढते, म्हणून ती मोजूनच खा. आणि मूत्रपिंडाचा विकार असेल, तर डाळ वाढवण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा.