कॉकपिटातली साथ

भारतातले वैमानिक एकट्यादुकट्याने आजारी पडत नाहीत. सप्टेंबर 2009 मध्ये जेट एअरवेजचे शेकडो वैमानिक एकाच सकाळी आजारी पडले आणि पाच दिवसांनी, तडजोड होताच, एकदमच बरे झाले. मे 2012 मध्ये ही साथ एअर इंडियात आली आणि 58 दिवस मुक्कामाला राहिली. 2024 च्या मार्च-एप्रिलमध्ये ती विस्तारा या विमान कंपनीत पोहोचली, मेमध्ये एअर इंडिया एक्स्प्रेसच्या केबिन क्रूमध्ये. या साथीचे मूळ शोधायला डॉक्टर नको. करार ई-मेलने येतो, त्याखाली सही करायची तारीख असते आणि बोलायचे म्हटले तर समोर कुणी नसते. मग उरतो तो रजेचा अर्ज.

विस्ताराचेच पाहा. वैमानिकाच्या पगारात दरमहा ठरावीक उड्डाण-तासांची हमी असते. विमान उडो न उडो, तेवढ्या तासांचे पैसे मिळतातच. एअर इंडियात विलीन होण्याआधी ही हमी 70 तासांवरून 40 वर आणण्यात आली. 40 च्या वर उडाल तर जादा पैसे, असे गाजर सोबत होते. पण रोस्टर कंपनीच्या हातात. तिने स्टँडबायवर घरी बसवले, विमान दुरुस्तीला गेले, पाऊस-धुक्याने फेरी रद्द झाली, तर तोटा वैमानिकाचा. म्हणजे धंद्यातला चढउतार कंपनीच्या ताळेबंदातून उचलून कर्मचाऱ्याच्या घरखर्चात नेऊन ठेवला. त्यावर चर्चा झाली ती उड्डाणे धडाधड रद्द होऊ लागल्यावर. एअर इंडियाच्या वैमानिकांनी वर्षभर आधी, 2023 च्या एप्रिलमध्ये, याच 70-40 वरून थेट रतन टाटांना साकडे घातले होते. दीड हजारांवर वैमानिकांना मालकाला अर्ज लिहावा लागतो, याचा अर्थ मधली बोलणी करण्याची जागाच रिकामी आहे.

हे आज लिहिण्याचे कारण नवी मुंबईच्या दारात आहे. 25 डिसेंबर 2025 रोजी इथल्या विमानतळावरून प्रवासी उड्डाणे सुरू झाली. जेमतेम तीन आठवडे आधी देशातल्या सर्वांत मोठ्या विमान कंपनीचे वेळापत्रक कोसळले होते. 3 ते 5 डिसेंबर या तीन दिवसांत इंडिगोची 2,507 उड्डाणे रद्द झाली, तीन लाखांहून अधिक प्रवासी अडकले. वैमानिकांना आठवड्याला 36 ऐवजी 48 तासांची सलग विश्रांती आणि रात्रीची सहाऐवजी दोनच लँडिंग, हा नियम एका रात्रीत आकाशातून पडला नव्हता. जानेवारी 2024 पासून तो जाहीर होता. कंपन्यांच्या विनवणीवरून लांबला, वैमानिक संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि मग दोन टप्प्यांत लागू झाला. तरी पुरेसे वैमानिक नव्हते. सरकारने काय केले? थकव्याच्या नियमातून त्याच कंपनीला 10 फेब्रुवारी 2026 पर्यंत सूट दिली. पुढे 22.20 कोटींचा दंड झाला खरा, पण आधी सूट आणि मग दंड, हा क्रम ध्यानात ठेवावा असा आहे.

माणसे कमी पडली की दुसरा रस्ता असतो: माणसांसकट विमानच भाड्याने आणायचे. धंद्यात त्याला डॅम्प लीज म्हणतात. विमान परदेशी कंपनीचे, कॉकपिटातले दोघेही तिचेच, केबिनमधले काही जण आपले. तिकीट मात्र इथल्या कंपनीचे. जुलै 2025 मध्ये मुंबईहून मँचेस्टर आणि ॲमस्टरडॅमची इंडिगोची सेवा अशीच सुरू झाली, नॉर्स अटलांटिकच्या ड्रीमलायनरवर. त्याआधीपासून इस्तंबूलला तुर्की एअरलाइन्सची दोन बोइंग 777 होती. त्यांना मे 2025 मध्ये तीन महिन्यांची ‘शेवटची’ मुदतवाढ मिळाली. 31 ऑगस्टला ती संपायची होती. संपली नाही, सहा महिन्यांनी लांबली. सरकारी भाषेत शेवटचे म्हणजे पुढच्याच्या आधीचे.

कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. मोठी विमाने मागितली की वर्षानुवर्षे थांबावे लागते. नव्या जातीच्या विमानासाठी वैमानिकाचे टाइप रेटिंग (ते विमान उडवण्याची पात्रता) आज ठरवले आणि उद्या झाले असे होत नाही. नवा मार्ग पकडायचा तर उसन्या विमानाने सुरुवात करण्यात गैर काही नाही. वैमानिकही धुतल्या तांदळाचे नाहीत. 2012 चा लांबलेला संप हा मुळात जुन्या एअर इंडियाच्या आणि जुन्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांमधला ड्रीमलायनर कुणी उडवायचे याचा भाऊबंदकीचा वाद होता, आणि त्यात प्रवासी भरडला गेला. 2023 मध्ये अकासा एअर या कंपनीचे 43 वैमानिक नोटिशीची मुदत न पाळता निघून गेले, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात पोहोचले. पण तिथेही एक गंमत आहे. सोडून जायचे तर कॅप्टनने एक वर्ष आणि सहवैमानिकाने सहा महिने आधी सांगितले पाहिजे, असा सरकारी नियम 2017 पासून आहे. कंपनीने त्याचे काम बाहेर द्यायचे ठरवले तर त्याला किती दिवस आधी सांगावे, याचा नियम मात्र नाही.

अमेरिकेत हा प्रश्न कराराच्या एका कलमात बसवला आहे. ‘स्कोप’ या नावाने ते ओळखले जाते. मुख्य कंपनीच्या नावाने दुसऱ्या कंपनीने किती आणि केवढी विमाने उडवायची, याची मर्यादा त्यात असते. तिथल्या तीन बड्या कंपन्यांत ती रेषा 76 आसनांवर आहे. ती वैमानिकांनी एका बैठकीत मिळवलेली नाही. दिवाळखोऱ्यांच्या काळात त्यांनी त्यातले बरेच सोडलेही. पण निदान भांडायला एक ओळ कागदावर आहे. या ओळीचा संबंध फक्त पगाराशी नाही, हे 12 फेब्रुवारी 2009 च्या रात्री बफेलोजवळ दिसले. तिकिटावर नाव कॉन्टिनेन्टलचे, विमान आणि वैमानिक कोलगन एअर या उपकंत्राटी कंपनीचे. विमानातले 49 आणि घरातला एक, असे 50 जण गेले. कॅप्टनची चुकीची हालचाल हे मुख्य कारण ठरले. पण चौकशीत हेही पुढे आले की सहवैमानिक आदल्या रात्री सिएटलहून देश ओलांडून कामावर आली होती आणि तिचा पगार विमानतळाजवळ खोली घेण्याजोगा नव्हता. थकव्याचे अमेरिकी नियम त्यानंतर कडक झाले.

नवी मुंबईला कंत्राट हा शब्द नवा नाही. न्हावा-शेव्यात पहिले खासगी टर्मिनल आले ते 1990 च्या दशकात. बंदराचे स्वतःचे कंटेनर टर्मिनलही 2022 मध्ये खासगी हातात गेले आणि बंदर केवळ जमीनमालक उरले. विमानतळासाठी दहा गावे उठली. नोकऱ्यांचा शब्द ऐकत मोठी झालेली तिथली मुले आज अर्ज घेऊन फिरतात तेव्हा समोर येते ते बहुधा एखाद्या एजन्सीचे ओळखपत्र. ट्रॉली गोळा करणारा, सामान चढवणारा, शौचालय पुसणारा आधी कंत्राटी झाला. तेव्हा कॉकपिटातून फारसे कुणी खाली वाकून पाहिले नाही. आता तीच पद्धत शिडी चढून वर पोहोचली आहे आणि वैमानिक अस्वस्थ आहेत. उशिरा का होईना, त्यांची तक्रार रास्त आहे.

त्यातच रजेच्या अर्जाची वाटही बंद होत चालली आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत निम्म्या किंवा अधिक कामगारांनी मिळून घेतलेली नैमित्तिक रजा हा संपच मानला आहे, आणि संपाला 14 दिवसांची नोटीस हवी. हे ठीक, प्रवाशाला विमानतळावर जमिनीवर झोपवणारी अचानक रजा कुणालाच नको. पण त्याच संहितेत 51 टक्के कामगार ज्या संघटनेचे सदस्य आहेत तिला बोलणी करण्याचा एकमेव अधिकारही दिला आहे. कंपनी लगेच म्हणेल, कॅप्टन हा कामगार नव्हेच, तो पर्यवेक्षक. दिल्ली उच्च न्यायालयाने जुन्या कायद्याखाली वैमानिकाला कामगार मानले आहे. नव्या संहितेखाली ते सरकारने एका परिपत्रकाने स्पष्ट करावे, म्हणजे प्रत्येक वैमानिकाला त्यासाठी वकील करावा लागणार नाही.

आणि भाड्याच्या विमानाला परवानगी देताना नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने कंपनीकडून एक तारीख लिहून घ्यावी: या मार्गावर स्वतःचे वैमानिक कधी बसणार, आणि त्यासाठी किती जण आज प्रशिक्षणात आहेत. ती तारीख उलटली तर वाढ एकदाच, कारणासकट, जाहीरपणे. प्रवाशालाही तिकीट काढतानाच कळायला हवे की विमान कुणाचे आणि चालवणारे कुणाचे. आज ते बुकिंगच्या पानावर इतक्या बारीक अक्षरात असते की पैसे भरून झाल्यावर, बोर्डिंगच्या रांगेत खिडकीतून शेपटीवरचा परका रंग दिसला तरच उलगडा होतो.